डॉ. स्टार्झल आणि आपली पिवळी बाळे

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. आपल्या जिल्ह्याचा कोणताही तालुका घ्या, तान्ह्या बाळाचे डोळे पिवळे दिसले की घरोघरी तेच सुरू होते. आजी म्हणते, कोवळ्या उन्हात धरा. शेजारीण म्हणते, अमक्या गावी एकजण माळ देतो, ती पायापर्यंत लांबली की कावीळ उतरते. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळे करून दाखवतो. आणि कुणीतरी हमखास बाळंतिणीलाच बोल लावतो, की हिने खाण्यापिण्याचे पथ्य केले नाही, हिने ग्रहण पाळले नाही.

माळ लांबते, कारण तिच्या ओल्या काड्या सुकतात आणि गाठी सैल होतात. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या पाण्यात धुतला तर ज्याला कावीळ नाही त्याचेही पाणी पिवळे होते. पण बहुतेक बाळांची कावीळ पहिल्या दोन आठवड्यांत आपोआप उतरते, आणि त्याचे श्रेय माळेला नि चुन्याला फुकटात मिळते. पहिल्याच दिवशी बाळ पिवळे पडले, किंवा तळहात-तळपायापर्यंत पिवळे झाले, तर मात्र उन्हात धरत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

आज आम्हाला लिहावयाचे आहे ते या दोन्हींत न बसणाऱ्या बाळांविषयी. पंधरा दिवस उलटले, तीन आठवडे झाले, तरी डोळे पिवळेच. बाळ दूध ओढते, हसते, अंग धरते. बघणाऱ्याला ते आजारी वाटतच नाही. पण दुपट्यावर लघवीचा पिवळा डाग पडतो, आणि शी हळदीसारखी पिवळी न होता ज्वारीच्या पिठासारखी, मातकट, पांढुरकी होते. माताभगिनींनो, ही पांढरी शी हीच धोक्याची खूण आहे. ती ओळखली तर बाळ वाचू शकते. ही खूण नेमकी कशाची, आणि तिच्यामागे किती माणसांचे कष्ट आहेत, हे कळण्यासाठी एका अमेरिकन सर्जनची हकिकत सांगावी लागते. त्याआधी दोन शब्द यकृताबद्दल.

यकृत म्हणजे ज्याला आपण लिव्हर म्हणतो, मटणाच्या दुकानात जिला कलेजी म्हणतात, ते. पोटात उजवीकडे, बरगड्यांच्या आड. ते पित्तरस तयार करते आणि बारीक नळ्यांतून आतड्यात सोडते. शीला पिवळा-तपकिरी रंग येतो तो या पित्तरसामुळे. काही बाळांच्या या नळ्याच बुजलेल्या असतात. डॉक्टर या रोगाला बिलिअरी अट्रेसिया म्हणतात. पित्त बाहेर पडायला वाट नाही, म्हणून शी पांढरी. आणि तेच पित्त रक्तात उतरते, म्हणून डोळे आणि लघवी पिवळी. सोयाबीनच्या वावरात पाणी तुंबून राहिले की मुळे सडतात. तसे तुंबलेल्या पित्ताने यकृत आतून करपते, निबर होते. त्याला वर्षे लागत नाहीत, महिने पुरतात. उपचार न झाल्यास बहुतेक बाळे दोन वर्षांची होण्याआधीच जातात. यात आईच्या खाण्याचा दोष नाही, ग्रहणाचा नाही, बापाच्या दारूचाही नाही. हा रोग नेमका का होतो हे अजून कुणालाच नीटसे उमगलेले नाही.

आता तो सर्जन. डॉ. थॉमस स्टार्झल यांचा जन्म 11 मार्च 1926 रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या ले मार्स या लहान गावी झाला. वडील गावच्या वर्तमानपत्राचे संपादक, आई परिचारिका. मुलगा पाद्री व्हायचा विचार करीत होता. 1947 साली आई स्तनाच्या कर्करोगाने गेली, आणि त्यानंतर तो वैद्यकीय शिक्षणाकडे वळला. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना यकृताचे वेड लागले. पोटातून यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत असे काय असते की ते रक्त मिळाले नाही तर यकृत सुकते, हा त्यांचा प्रश्न होता. याचे उत्तर हाती यायला बरीच वर्षे लागली. त्या रक्तातून स्वादुपिंडाचे इन्शुलिन यकृताला मिळते आणि ते यकृताचे जणू खत असते, हे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आले. हा शोध चाकू चालवणाऱ्या माणसाने लावला. आपल्याकडे सर्जन म्हणजे ऑपरेशन करून मोकळा होणारा, अशी समजूत आहे. स्टार्झल शस्त्रक्रियागृहातून प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेतून पुन्हा शस्त्रक्रियागृहात, असे आयुष्यभर फिरत राहिले.

या प्रयोगांसाठी कुत्री वापरली गेली, अनेक कुत्री मेली. मुक्या प्राण्यांच्या जिवावर उभे राहिलेले हे ज्ञान आहे, हे आम्ही लपवीत नाही. वाचकांना ते खटकेल. आम्हालाही खटकते.

जुने निकामी यकृत काढून दुसरे बसवायचे, ही कल्पना त्या काळी वेडगळ वाटे. 1 मार्च 1963 रोजी कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात स्टार्झल यांनी ती प्रथम माणसावर करून पाहिली. रुग्ण होता तीन वर्षांचा मुलगा. रोग तोच, जो वर सांगितला: पित्ताच्या नळ्या बुजलेल्या. निबर यकृताभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे फुगलेले होते, रक्त गोठेना. तासन्‌तास प्रयत्न करूनही रक्त थांबले नाही आणि ते मूल टेबलावरच गेले.

त्याच वर्षी त्यांनी आणखी चार रुग्णांवर हे ऑपरेशन केले. ते चौघे ऑपरेशनमधून उठले, पण महिनाभरही कुणी जगला नाही. बॉस्टन आणि पॅरिस येथे इतरांनी करून पाहिले, तिथेही तेच. टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मरणाच्या दारातल्या लेकरावर न झालेली गोष्ट करून पाहण्याचा अधिकार डॉक्टरला कोणी दिला? आईबापांनी होकार दिला होता खरा, पण बुडणारा काडीलाही होकार देतो. स्टार्झल यांनी हात आखडता घेतला. सुमारे साडेतीन वर्षे यकृत प्रत्यारोपण थांबवून ते प्रयोगशाळेत परत गेले. हे थांबणे आम्हाला त्यांच्या शोधांइतकेच मोलाचे वाटते. अपयश दिसल्यावर थांबणारा डॉक्टर आणि रेटून नेणारा डॉक्टर यांत फरक आहे.

जुलै 1967 मध्ये त्यांनी पुन्हा सुरुवात केली. यकृताच्या कर्करोगाची एक दीड वर्षाची मुलगी नव्या यकृतावर एक वर्षाहून अधिक जगली. नवे यकृत चांगले चालले होते. जुना कर्करोग पसरल्याने ती गेली. पण हे होऊ शकते, एवढे सिद्ध झाले. इंग्लंडमध्ये केंब्रिजला डॉ. रॉय काल्न यांनी 1968 साली हे काम हाती घेतले. पुढची दहा वर्षे जगात मुख्यतः हे दोघेच तग धरून होते. जानेवारी 1970 मध्ये स्टार्झल यांनी बिलिअरी अट्रेसिया झालेल्या एका लहान मुलीवर ऑपरेशन केले. ती मुलगी मोठी झाली, आणि चार दशकांहून अधिक काळ त्याच यकृतावर जगली.

तरीही एकंदर चित्र वाईटच होते. तीन रुग्णांमागे जेमतेम एक वर्षभर जगे. अडचण शिवण्याची नव्हती. आपले शरीर परके अवयव ओळखते आणि त्यांच्यावर तुटून पडते; कुसळ रुतले की भोवती पू धरतो, त्याच जातीचा हा प्रकार. ही चढाई थोपवावी, पण इतकी नको की साध्या जंतूनेही माणूस दगावेल, असे औषध हवे होते. ते मिळाले मातीत. नॉर्वेतल्या एका माळावरून आणलेल्या मातीतल्या बुरशीत सायक्लोस्पोरिन सापडले. काल्न यांनी ते 1978 साली माणसांना प्रथम दिले, आणि 1980 साली स्टार्झल यांनी ते दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिले. एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण दहांत सातांवर गेले. पुढे जपानमधल्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या जंतूपासून टॅक्रोलिमस निघाले; ते 1989 मध्ये स्टार्झल यांनीच पिट्सबर्ग येथे रुग्णांवर प्रथम वापरले. आज वाशीमचा एखादा रुग्ण प्रत्यारोपण करून परतला तर त्याच्या पिशवीत बहुधा हेच औषध असते. ते त्याला जन्मभर, वेळ न चुकवता घ्यावे लागते.

1983 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवून यकृत प्रत्यारोपण हा आता प्रयोग नसून उपचार आहे, असे मान्य केले. पहिल्या मुलाच्या मरणाला तेव्हा वीस वर्षे झाली होती. स्टार्झल यांनी 1991 मध्ये सुरी खाली ठेवली, संशोधन मात्र सोडले नाही. जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासले, तेव्हा दात्याच्या पेशी रुग्णाच्या अंगभर मुरून राहिलेल्या आढळल्या. दोन देह एकमेकांना काही अंशी सामावून घेतात, असे त्यांनी त्यातून मांडले. 4 मार्च 2017 रोजी ते वारले.

त्यांच्या कारकिर्दीत एक गोष्ट आहे जी आपल्या वाचकांपासून झाकून ठेवणे बरे नव्हे. 1960 च्या दशकात डेन्व्हरच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणात तुरुंगातल्या कैद्यांनी दिलेली मूत्रपिंडे वापरली गेली. कैदी स्वखुशीने देतात, असे म्हटले गेले. गजाआडच्या माणसाची स्वखुशी ती कसली? ही प्रथा पुढे बंद पडली. आणि पुढे तर धडधाकट माणसाच्या अंगावर चाकू चालवून अवयव घेणेच स्टार्झल यांना पटेनासे झाले. 1970 च्या दशकापासून ते जिवंत दात्यांच्या विरोधातच राहिले.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. डिसेंबर 2015 मध्ये शेजारच्या अकोल्यात सावकाराच्या कर्जापायी मूत्रपिंड विकायला लावल्याचे प्रकरण उघडकीस आले, ते अनेकांना आठवत असेल. 1998 च्या 1 जुलैपर्यंत वाशीम त्याच अकोला जिल्ह्यात होते. अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे; 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने तो ठरविला, आणि हा कायदा फेब्रुवारी 1995 मध्ये ज्या राज्यांत सर्वांत आधी लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता. याच कायद्याने मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयव नातेवाइकांच्या संमतीने घेण्याची वाट मोकळी केली. कुणी एजंट 'किडनीचे, लिव्हरचे पैसे मिळवून देतो' म्हणत वस्तीत फिरू लागला तर त्याला चहा पाजू नका, पोलीस ठाणे दाखवा.

भारतात यशस्वी यकृत प्रत्यारोपण नोव्हेंबर 1998 मध्ये दिल्लीत झाले. रुग्ण होता तमिळनाडूतल्या कांचीपुरमचा वीस महिन्यांचा मुलगा. रोग पुन्हा तोच, बिलिअरी अट्रेसिया. बापाने आपल्या यकृताचा तुकडा दिला. यकृत हा असा एक अवयव आहे की त्याचा भाग कापून दिला तरी उरलेला काही आठवड्यांत वाढून जवळजवळ पूर्ववत होतो, आणि दिलेला तुकडा मुलासोबत वाढत जातो. तो मुलगा पुढे शिकून स्वतः डॉक्टर झाला. ज्या रोगाने 1963 मध्ये डेन्व्हरला एक मूल टेबलावर गेले, त्याच रोगाचे मूल पस्तीस वर्षांनी दिल्लीत उठून घरी गेले.

तिथे तुकडा बापाने दिला, हे मुद्दाम सांगतो. कारण 1995 ते 2021 या काळात आपल्या देशात झालेल्या 36,640 प्रत्यारोपणांत अवयव मिळालेल्या स्त्रिया होत्या फक्त 6,945, आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र पाचांत सुमारे चार स्त्रिया. नवऱ्याला बायको देते, मुलाला आई देते, भावाला बहीण देते. तिला गरज पडली की घर हिशेब करू लागते. हे आकडे वाचून पुरुष वाचकांनी जरा थांबावे, एवढेच म्हणतो.

आता खर्चाचे. खासगी रुग्णालयात यकृत प्रत्यारोपणाला पंधरा-वीस लाख आणि त्याहूनही अधिक लागतात. वर जन्मभराची औषधे. 2018 पासून नागपुरातही ही शस्त्रक्रिया होऊ लागली, त्यामुळे विदर्भाच्या माणसाला मुंबई-चेन्नईच गाठली पाहिजे असे उरले नाही. पण रोजंदारीवर जगणाऱ्याला नागपूर काय नि चेन्नई काय. सरकारी योजना आहेत, मुख्यमंत्री सहायता निधी आहे. त्यांच्या अटी बदलत असतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

पण बिलिअरी अट्रेसियाच्या बाळासाठी प्रत्यारोपणाच्या आधीची एक पायरी आहे, आणि हा लेख खरे तर तिच्यासाठी आहे. जपानमधल्या सेंदाई येथील डॉ. मोरिओ कासाई यांनी 1955 साली ती शोधली. ऑपरेशन करताना त्यांना बाळाच्या नळ्या सापडल्याच नाहीत. यकृताच्या मुखाशी रक्त येऊ लागले, ते थांबविण्यासाठी त्यांनी आतडे त्या जागी लावले, आणि पुढे बाळाच्या शीला रंग आला, अशी हकिकत सांगतात. आज आतड्याचा भाग थेट यकृताच्या मुखाशी जोडतात, म्हणजे पित्त तिथून झिरपून बाहेर पडते. डॉक्टरांच्या तोंडी या ऑपरेशनचे नाव 'कसाई' असेच येते. 'बाळाची कसाई करावी लागेल' हे ऐकून एखादी आजी बाळाला छातीशी धरून घरी पळाली, तर तिला हसू नये. तिला सांगावे की ते एका जपानी सर्जनचे आडनाव आहे, आणि त्या नावाच्या माणसाने हजारो बाळांना वाचविले.

हे ऑपरेशन सर्वांना कायमचे बरे करीत नाही. कित्येकांना पुढे कधी ना कधी प्रत्यारोपण लागतेच. पण काहींना वर्षानुवर्षे लागत नाही, आणि इतरांना मोठे व्हायला, वजन धरायला अवधी मिळतो. अट एकच: ऑपरेशन बाळ साठ दिवसांचे होण्याच्या आत झाले तर फळ चांगले. जसजसा उशीर, तसतसे यकृत निबर. तीन महिन्यांनंतर आणलेल्या बाळाच्या बाबतीत डॉक्टरांचेही हात बांधलेले असतात. माळेचे पंधरा दिवस, चुन्याचे पंधरा दिवस, 'मामाच्या गावी जाऊन येऊ, मग दाखवू'चे पंधरा दिवस, आणि 'बाळ तर गुटगुटीत आहे' म्हणून गेलेले पंधरा दिवस. झाले साठ.

तैवानने यावर साधा उपाय केला. बाळाच्या शीचे रंग छापलेले एक कार्ड 2004 पासून देशभर प्रत्येक आईच्या हाती दिले: हे रंग चांगले, हे वाईट, वाईट दिसला तर दवाखान्यात या. त्यानंतर साठ दिवसांच्या आत ऑपरेशन होणाऱ्या बाळांचे प्रमाण वाढले. एका कागदाने हे झाले. आपल्या अंगणवाडीच्या भिंतीवर, उपकेंद्राच्या दारावर, विहारातल्या फलकावर असा कागद लावायला कोणाची मंजुरी लागते?

हा रोग दहा-पंधरा हजार बाळांमागे एखाद्याला होतो. 2011 च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास होती. त्या मानाने वर्षाकाठी आपल्या जिल्ह्यात असे एखाददुसरे बाळ जन्मत असावे, असा आमचा अंदाज. ते कोणाच्या घरी जन्मेल हे सांगता येत नाही. म्हणून सर्वांनीच पाहायचे.

आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात. चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीही येतात. वजन करतात, ताप पाहतात. त्यांना बाळाची शी दाखवा. लाजू नका, दुपटे धुण्याआधी ठेवून द्या, किंवा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बाळाला सांभाळणारी नणंद असो की आजी, तिलाही रंग सांगून ठेवा. पंधराव्या दिवशी डोळे पिवळे असतील तर बाळाला उजेडात धरून पाहा, आणि शी पांढुरकी असेल तर त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात न्या. डॉक्टरांना 'डायरेक्ट बिलिरुबिन' तपासायला सांगा, हा शब्द कागदावर लिहून नेला तरी चालेल. कावीळ आहे एवढे सांगणारी तपासणी पुरत नाही; कावीळ कोणत्या जातीची, हे या तपासणीतून कळते. गरज पडली तर सोनोग्राफी, आणि तिथून नागपूर किंवा मुंबईच्या बालशल्यचिकित्सकाकडे चिठ्ठी. वाशीमला 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, अकोल्याचे त्याच्याही आधीपासून आहे. तिथल्या बालरोग विभागात विचारायला हरकत नाही. 'दूध बदलून पाहा, महिन्याने या' असे कुणी म्हणाले आणि शी पांढरीच राहिली, तर महिना थांबू नका, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

मोठ्यांच्या काविळीविषयी, विशेषतः रक्तातून आणि सुईतून पसरणाऱ्या कावीळ 'ब' विषयी आणि बाळाला जन्मताच द्यावयाच्या तिच्या लसीविषयी पुढील अंकी.